मिळकत मुलांपर्यंत नीट पोहोचवायची तर : सातबाऱ्यापासून मृत्युपत्रापर्यंत

वारसाहक्काचे बहुतेक दावे लोभामुळे नव्हे, तर अर्धवट कागदांमुळे उभे राहतात. फ्लॅट वडिलांच्या नावावर, सातबारा अजून आजोबांच्या नावावर, एफडीला नॉमिनी म्हणून लग्नाआधी लावलेले आईचे नाव, आणि मृत्युपत्र "करू सावकाश" म्हणून राहिलेले. अशा घरात भावंडांचे कितीही सख्य असले तरी ती वर्ष-दोन वर्षांत तलाठी कार्यालय आणि बँकेच्या फेऱ्यांनी वैतागतात, आणि वैतागलेली माणसे एकमेकांवरच चिडतात. म्हणून या लेखाचा भर "कोणाला काय द्यावे" यावर कमी आणि "जे द्यायचे ते कागदावर आपले आहे का" यावर जास्त आहे.

उदाहरणापुरते एक काल्पनिक घर डोळ्यासमोर ठेवू. साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना दादा म्हणू. वय ७१. पत्नी, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, नाशिकला दिलेली मुलगी. दादांची नव्वदीतली आई गावी, धाकट्या भावाकडे. मिळकत म्हणजे पगारातून घेतलेला कोथरूडचा फ्लॅट, गावाकडची अडीच एकर जिरायत, दोन बँकांतल्या आणि एका पतसंस्थेतल्या ठेवी, एलआयसी, लॉकरमधले सोने आणि कपाटाच्या तळाशी पडलेली काही कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटे. श्रीमंत घर नव्हे, पण गुंता व्हायला एवढे पुरते.

पुढचे नियम मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांना लागू होणारे आहेत. वारसाहक्काच्या बाबतीत बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबेही त्याच १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली येतात. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येते, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि गोव्याचे गणित निराळे आहे, ते शेवटाकडे.

पायरी पहिली : एक वही, चार रकाने

दोनशे पानी वही घ्या. रकाने चार : काय आहे, कागदावर कोणाच्या नावाने आहे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे आहेत. दुसऱ्या रकान्यात "आपले" असे लिहायचे नाही. कागदावर नाव जसे आहे तसेच, स्पेलिंगसकट उतरवायचे. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे आणि शेअर सर्टिफिकेटवर आडनाव आधी, असे असेल तर ते आत्ताच दिसू दे. माणूस हयात असताना नावाची दुरुस्ती एका अर्जाने होते. नंतर त्याच दुरुस्तीसाठी वारसांना प्रतिज्ञापत्रे करत बसावी लागतात.

फ्लॅटसाठी मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि कर्ज फिटले असल्यास बँकेकडून परत आलेले कागद. जमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार. पॉलिसी नंबर, डीमॅटचा क्लायंट आयडी, पीपीएफ, पोस्टातली खाती. पासवर्ड वहीत लिहू नका, पण कोणते खाते कोणत्या मोबाइल नंबरला जोडले आहे ते जरूर लिहा, कारण पुढे ओटीपी त्याच नंबरवर येणार असतो. वारसांनी ते सिमकार्ड लगेच बंद करून टाकायचे नाही, हेही तिथेच लिहून ठेवावे.

देणीही याच वहीत. गृहकर्ज, सोनेतारण, हातउसने आणि मुख्य म्हणजे जामीनकी. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला मित्राखातर जामीन राहिलेली माणसे घरात कधी बोलत नाहीत, आणि मग वसुलीची नोटीस पत्नीच्या हातात पडते. वारसांना वडिलांची देणी स्वतःच्या खिशातून फेडावी लागत नाहीत. त्यांच्याकडे आलेल्या वारशापुरतीच जबाबदारी असते. पण तेवढ्यापुरती असतेच.

विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' हे पोर्टल २०२३ पासून आहे. दहा वर्षे हात न लागलेले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. ते बुडत नाहीत, मागता येतात. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. तेही परत मिळतात, पण त्यासाठी चिकाटी लागते. दादांच्या कपाटातली ती सर्टिफिकेटे आत्ताच डीमॅट करून टाकावीत, त्यांच्याच सहीने.

पायरी दुसरी : हे खरोखर आपले आहे का?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. "आजोबांच्या मिळकतीवर नातवाचा जन्मतः हक्क असतो" हे वाक्य गावोगावी ऐकू येते, आणि ते सरसकट खरे नाही.

स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत स्वकष्टार्जित. ती दादा मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, अगदी मुलांना पूर्ण वगळूनसुद्धा. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ च्या कायद्याने मुलाकडे आली, तर ती मुलाची स्वतंत्र मिळकत ठरते; नातवाला तीत जन्मतः वाटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ मध्येच स्पष्ट केले आहे. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत मात्र वेगळी. तीत मुलगा आणि मुलगी दोघांनाही जन्मतः हिस्सा असतो, आणि मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच करता येते.

मुलींचा हा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्व मुलींना दिला. वडील त्या तारखेला हयात नव्हते म्हणून मुलीला हिस्सा नाही, हा वाद ऑगस्ट २०२० च्या निकालाने मिटला : हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात होते की नाही याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या आणि विक्री मात्र उकरून काढता येत नाहीत. हे ध्यानात ठेवूनच वाटपाची चर्चा करावी. "लग्नात दिले की तिला" हा युक्तिवाद कोर्टात एक मिनिटही टिकत नाही.

बायकोचे सोने, तिला माहेरहून आलेली जमीन, तिच्या नावावरची एफडी ही तिची मिळकत आहे. दादा आपल्या मृत्युपत्रात तिच्या पाटल्या सुनेला देऊ शकत नाहीत. तिचे मृत्युपत्र तिने करायचे.

पायरी तिसरी : काहीच केले नाही तर काय होते

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. निम्मी मृत्युपत्रे त्यानंतर आपोआप लिहिली जातील.

दादा मृत्युपत्र न करता गेले, तर फ्लॅटचे चार समान वाटे होतात : पत्नी, मुलगा, मुलगी आणि दादांची आई. होय, आई. पुरुषाच्या पहिल्या श्रेणीच्या वारसांत आई आहे, वडील नाहीत. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटचा पाव हिस्सा गावातल्या आजींचा झाला. पुढे आजी मृत्युपत्राविना गेल्या की तो पाव हिस्सा त्यांच्या मुलांत वाटला जातो : धाकटे काका, आत्या (दादांची बहीण), आणि दादांच्या वाट्याचा तिसरा भाग दादांच्या दोन मुलांकडे. दादांच्या पत्नीला त्यातले काही नाही. फ्लॅट विकायचा झाला तर आता काका आणि आत्याच्या सह्या लागणार. काका भले असतील, पण त्यांची मुले-सुना, त्यांची कर्जे, सगळेच या घराच्या दारात येऊन उभे राहते. मृत्युपत्राच्या एका पानाने हे टळले असते.

बाईच्या बाबतीत नियम आणखी अजब आहे. विवाहित स्त्रीची स्वकमाईची मिळकत आधी मुले आणि पती यांना मिळते. ते कोणीच नसेल, तर पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नव्हे. आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. नोकरी करून फ्लॅट घेतलेली, मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा फ्लॅट दिराला मिळू शकतो आणि तिची आई हात चोळत बसते. आईवडिलांकडून वारसाने आलेल्या मिळकतीपुरता अपवाद आहे. मूलबाळ नसल्यास ती तिच्या वडिलांच्या वारसांकडे परतते. कमावत्या बाईने मृत्युपत्र करायला साठीची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी चौथी : गावाकडची जमीन

दादांच्या अडीच एकरांवर अजून त्यांच्या वडिलांचे नाव आहे. ही फार नेहमीची अवस्था. राज्य सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी : मृत खातेदारांची नावे काढून वारसांची लावायची. मोहिमेत झाले नसेल तर स्वतः करा. मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांचे आधार घेऊन तलाठ्याकडे (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावात तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज होतो. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, आणि कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कायद्याने ही खबर तीन महिन्यांत द्यायची असते. लोक तीस वर्षांनी देतात.

सातबारा हातात आला की दोन जागा नीट वाचा. पहिली, नावापुढे 'ए.कु.मॅ.' असा शेरा आहे का. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागलेले असते, आणि दोन पिढ्यांनी त्याची नातवंडे जमीन आपलीच समजू लागतात. दुसरी जागा 'इतर हक्क'. विकास सोसायटीचा बोजा तिथे असतो, आणि बऱ्याच जुन्या उताऱ्यांत बहिणींची नावेही कब्जेदारात न लावता तिथेच टाकलेली असतात. त्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. विक्रीच्या वेळी तो समोर येतोच. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही, आणि नुसते नाव आहे म्हणून पूर्ण मालकी येतही नाही.

आता अडीच एकरांचे, म्हणजे १०० गुंठ्यांचे गणित. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली धरू. वारस आजी, दादा, काका आणि आत्या, म्हणजे प्रत्येकी २५ गुंठे. पुढे आजींच्या २५ गुंठ्यांचे तीन भाग झाले की दादांच्या घराकडे साधारण ३३ गुंठे येतात. दादांच्या पत्नीला आणि दोन मुलांना सारखे वाटायचे म्हटले तर प्रत्येकी अकराच्या आसपास. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ठरले आहे. म्हणजे नावे तिघांची सामाईक लागतील, पण प्रत्यक्ष हिस्से फोडून वेगळे सातबारे करायला अडचण येईल. अशा वेळी जमीन एका अपत्याला आणि फ्लॅटमधला किंवा ठेवींमधला जास्त भाग दुसऱ्याला, असा विचार कागदावरच्या समान वाटपापेक्षा शहाणपणाचा ठरतो. गावाशी कोणाचा संबंध उरला आहे, कोण जमीन कसेल किंवा निदान कसून घेईल, हे मुलांना विचारूनच ठरवा. मुलाला जमीन नको असते आणि मुलीला हवी असते, असेही निघते.

सहमती असेल तर हयातीतच वाटप करून घ्यावे. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र आहे. भोगवटादार वर्ग-२ ची (हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली) जमीन असेल तर हस्तांतरापूर्वी परवानगी लागते, हे आधी तपासा.

आणि हक्कसोडपत्र. आत्या आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडायला तयार असेल तर जवळच्या नात्यात त्याला ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो, पण दस्त नोंदणीकृतच हवा. कोऱ्या स्टॅम्पवर घेतलेल्या अंगठ्याला अर्थ नाही. ती खरोखर स्वखुशीने सोडते आहे का, हे मात्र विचारा. "माहेर तुटेल" या धाकाने केलेली सही रक्षाबंधनापर्यंत चालते. जमिनीला भाव आला की भाचा वकील घेऊन येतो. तिला तिच्या हिश्श्याची योग्य रक्कम देऊन, ती बँकेतून देऊन, दस्तात त्या रकमेचा उल्लेख करणे हे न्याय्य आहे आणि सुरक्षितही.

पायरी पाचवी : नॉमिनी

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा कंपनीने पैसे कोणाच्या हाती सोपवायचे, एवढेच नॉमिनेशनने ठरते. ते पैसे नंतर खऱ्या वारसांना द्यायची जबाबदारी नॉमिनीवर असते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आणि शेअर-म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्यात २०१५ नंतर एक फरक पडला : आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच, असे कायद्याने म्हटले.

गृहनिर्माण सोसायटीतही तेच. सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते. कायम सभासदत्व मृत्युपत्र, न्यायालयाचा वारस दाखला किंवा वारसांतला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त पाहून मिळते. "सेक्रेटरींकडे नॉमिनेशन फॉर्म भरला आहे, आता काळजी नाही" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोनदा वाचावे.

तरीही नॉमिनी जरूर लावा, कारण त्यावाचून पैसे अडकतात. शक्यतो मृत्युपत्रात ज्याला द्यायचे आहे त्याचेच नाव नॉमिनी म्हणून ठेवा; दोन ठिकाणी दोन नावे म्हणजे भांडणाला आमंत्रण. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह किंवा क्रमाने लावता येतात. लॉकरला फक्त क्रमाने. पतसंस्थेतल्या ठेवींचे नॉमिनेशन हमखास राहून जाते, तिथे स्वतः जाऊन पावतीवर नोंद पाहावी.

धंदा असलेल्या माणसाने आणखी एक पाहावे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतलेल्या विमा पॉलिसीचे पैसे पत्नी-मुलांचेच राहतात आणि सर्वसाधारणपणे सावकारांना त्यांवर हात टाकता येत नाही. पण ते पॉलिसी घेतानाच अर्जात नमूद करावे लागते.

पायरी सहावी : हयातीत देऊन टाकावे का?

बक्षीसपत्र आकर्षक वाटते. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. महापालिका हद्दीत बाजारमूल्यावर अधिभार वेगळा लागतो, तेव्हा "दोनशे रुपयांत फ्लॅट नावावर" ही बतावणी शहरात अर्धीच खरी आहे. दस्ताची नोंदणी, दोन साक्षीदार आणि घेणाऱ्याची स्वीकृती हवी.

आणि एकदा दिले की दिले. मन बदलले म्हणून बक्षीसपत्र मागे घेता येत नाही. म्हणून राहते घर हयातीत मुलांच्या नावावर करू नये, असा माझा ठाम सल्ला आहे, मुलगा कितीही गुणी असला तरी. तो गुणी राहील. पण त्याचा घटस्फोट, त्याच्या धंद्याचे कर्ज किंवा त्याचा अकाली मृत्यू यांवर त्याचेही नियंत्रण नाही. मुलगा गेला तर त्या घरात त्याची पत्नी, मुले आणि आई वारस होतात, आणि ज्यांनी घर घेतले ते वडील पहिल्या श्रेणीत नाहीत.

द्यायचेच असेल, तर "देणाऱ्यांचा व त्यांच्या पत्नीचा मूलभूत गरजांसह सांभाळ करण्याच्या अटीवर" असे दस्तात स्पष्ट लिहा आणि दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अशी अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. दस्तात अट लिहिली नसेल तर ती होती हे सिद्ध करण्यातच दमछाक होते. मुलीला घर घ्यायला आत्ता रक्कम द्यायची, नातवाच्या शिक्षणाला एफडी मोडायची, हे मात्र खुशाल करावे. गरजेच्या वेळी मिळालेले दहा लाख वीस वर्षांनी मिळणाऱ्या तीस लाखांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. फक्त कोणाला काय दिले ते वहीत लिहा आणि दुसऱ्या अपत्याला सांगा.

पायरी सातवी : मृत्युपत्र

साध्या कागदावर, हाताने लिहिलेले, मराठीतले मृत्युपत्र पूर्ण वैध असते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. कायद्याला हवे ते एवढे : करणारा सज्ञान आणि शुद्धीत, त्याची सही, आणि ती सही करताना पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या त्याच्यासमोर केलेल्या सह्या. साक्षीदार लाभार्थी नसावेत. तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, सापडतील असे निवडा. समवयस्क मित्र साक्षीला घेतला तर गरजेच्या वेळी तोही नसतो. तेव्हा सोसायटीतले चाळिशीचे शेजारी किंवा फॅमिली डॉक्टर बरे. त्याच दिवसाचे डॉक्टरांचे "मानसिकदृष्ट्या सक्षम" असे प्रमाणपत्र जोडले तर पुढचा निम्मा वाद संपतो, विशेषतः वय पंच्याहत्तरीपुढे असेल तर.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी का? करावी. नोंदणीने मृत्युपत्र अभेद्य होत नाही, पण "ही सही बाबांची नव्हेच" हे म्हणणे अवघड होते आणि कागद हरवला तरी प्रत मिळते. घरात कोणाला कळू द्यायचे नसेल तर मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयही नोंदणी कायद्यात आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

मजकुराबद्दल काही गोष्टी. मिळकतीचे वर्णन इंडेक्स टूवरून शब्दशः उतरवा. "पुण्याचा फ्लॅट" असे मोघम नको. सोसायटीचे नाव, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर हवा. ठेवींचे पावती क्रमांक मात्र लिहू नका, कारण एफडी दर वर्षी नवी होते. "माझ्या नावे सर्व बँकांत, पतसंस्थांत व पोस्टात असलेल्या सर्व ठेवी" असे लिहा. लाभार्थी आधीच वारला तर त्याचा वाटा कोणाला, हे प्रत्येक कलमात यावे. आणि एक शेवटचे कलम न चुकता :

"वर नमूद न केलेली, तसेच यापुढे मला मिळणारी सर्व स्थावर व जंगम मिळकत माझ्या पश्चात माझी पत्नी हिची राहील, व ती माझ्या आधी वारल्यास माझा मुलगा व मुलगी यांची समसमान राहील."

पत्नीला "तहहयात राहण्याचा हक्क, नंतर मुलाला मालकी" असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला असतो, पण तिला मिळाले ते पूर्ण मालकी की मर्यादित हक्क, यावर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ च्या दोन पोटकलमांमधून वर्षानुवर्षे खटले चालले आहेत. शक्य असेल तर घर सरळ पत्नीला द्या आणि पत्नीने आपले मृत्युपत्र करावे. दुसरे लग्न, सावत्र मुले अशी कारणे असतील, तेव्हाच मर्यादित हक्काचा मार्ग घ्या, आणि तो मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

एखाद्याला कमी किंवा काहीच देणार नसाल तर कारण एका संयत वाक्यात लिहा. "मुलीस घर घेताना मी आर्थिक साहाय्य केले असल्याने" एवढे पुरे. रागाची कैफियत लिहिली की तिचेच शब्द पुढे मनःस्थिती ठीक नसल्याचा पुरावा म्हणून वापरले जातात. ज्याला जास्त मिळते आहे त्यानेच वकील ठरवला, त्यानेच गाडीतून नोंदणीला नेले, असे होऊ देऊ नका. न्यायालये अशा परिस्थितीकडे संशयाने पाहतात.

अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा. मुले अज्ञान असतील तर पालकही नेमा, कारण अज्ञानाच्या नावावरची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घरात बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले अपत्य असेल तर नुसते मृत्युपत्र पुरत नाही : १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्या आणि त्याच्या खर्चासाठी खासगी न्यास करा, ज्याचे विश्वस्त भावंडांपुरते मर्यादित नसतील.

प्रोबेटबद्दल : मुंबईतल्या मिळकतींच्या मृत्युपत्रांना उच्च न्यायालयाचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेणे सक्तीचे असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते सक्तीचे कलम वगळले. घरात वाद होण्याची चिन्हे असतील तर आजही प्रोबेट घेऊन ठेवणे हिताचे, कारण त्यानंतर मृत्युपत्राच्या खरेपणावर सहजी बोट ठेवता येत नाही.

पायरी आठवी : कर, परदेशातली मुले, आणि गोवा

भारतात वारसा कर नाही. संपदा शुल्क १९८५ मध्ये गेले. वारसाने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीवर आणि जवळच्या नातलगांकडून मिळालेल्या भेटीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर नाही. कर लागतो तो पुढे विकताना, आणि तेव्हा मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते. म्हणून वडिलांचा जुना करारनामा आणि पावत्या टाकू नका. २००१ पूर्वीची मिळकत असेल तर १ एप्रिल २००१ च्या किमतीचा मूल्यांकन अहवाल काढून ठेवावा. पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे ठेवलेल्या पैशाचे व्याज मात्र सामान्यतः देणाऱ्याच्याच उत्पन्नात मोजले जाते.

मुलगी न्यू जर्सीत किंवा मुलगा लंडनमध्ये असेल तर ते इथली मिळकत वारसाने घेऊ शकतात, शेतजमीनसुद्धा. विकत मात्र शेतजमीन घेता येत नाही. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचे इथल्या पैशाचे बँक खाते) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी परदेशातून एक लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाल्याची माहिती तिथल्या कर खात्याला द्यावी लागते. कर नसला तरी माहिती न दिल्याचा दंड जबर असतो.

मूळ गोवेकरांनी वरचे बरेचसे बाजूला ठेवावे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक असते, आणि मुले असताना आपल्या वाट्यापैकी निम्मेच मृत्युपत्राने हवे त्याला देता येते. उरलेले निम्मे सक्तीच्या वारसांचे. मृत्युपत्र नोटरीपुढेच करावे लागते आणि वाटप न्यायालयातल्या इन्व्हेंटरीने, म्हणजे मिळकतीची यादी करून चालणाऱ्या प्रक्रियेने, होते. गोवेकराची मिळकत मुंबईत असली तरी त्याला गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. गिरगावात किंवा दादरला घर असलेल्या गोवेकर कुटुंबांना याचा पत्ताच नसतो.

पायरी नववी : सांगणे, आणि पुन्हा पाहणे

दोन्ही अपत्यांना एकाच वेळी बसवून सांगा. जावई-सुना त्या बैठकीला नकोत, निदान पहिल्या तरी. प्रत्येक आकडा सांगायची गरज नाही; जमीन कोणाला, घर आईच्या नावे का, आणि वही कुठे आहे, एवढे सांगितले की पुरे. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर सांगितले तर दुसऱ्याच्या मनात जे येते ते कोणत्याही दस्ताने पुसता येत नाही. मूळ मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवत असाल तर लॉकर जोडनावावर हवा, नाहीतर ते वाचायला लॉकर उघडावा लागेल आणि लॉकर उघडायला ते दाखवावे लागेल.

दर तीन-चार वर्षांनी, आणि घरात लग्न, घटस्फोट, जन्म, मृत्यू, मिळकतीची खरेदी-विक्री किंवा पुनर्विकास झाला की, मृत्युपत्र पुन्हा वाचा. पुनर्विकासात फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ बदलते. जुन्या वर्णनाचे मृत्युपत्र नव्या इमारतीत अडखळते. किरकोळ बदल पुरवणीने करता येतो, पण तिलाही तशाच दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मूळ कागदावर खाडाखोड करून चालत नाही. मोठा बदल असेल तर नवे मृत्युपत्र करा आणि त्यात "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे" हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. शेवटचे वैध मृत्युपत्रच चालते, जुने नोंदणीकृत आणि नवे घरी लिहिलेले असले तरीही; म्हणून नोंदणी केलेले बदलताना नव्याचीही नोंदणी करावी, म्हणजे कोणते शेवटचे याबद्दल दुय्यम निबंधकाच्या तारखेवरूनच निकाल लागतो.